दाराची मूठ आणि लोहाराचा हात

घराचे वर्णन करताना भिंतींची जाडी, छताची उंची, अंगणाचा विस्तार यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. ज्या वस्तूला हात लावल्यावाचून घरात पाऊल पडत नाही, तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ती वस्तू म्हणजे दाराची मूठ. आजच्या व्याख्यानाचा विषय तीच आहे. मूठ लोखंडाची असावी, ती ऐरणीवर हातोड्याने घडवलेली असावी आणि नंतर ती दारावर नीट बसवलेली असावी, एवढ्या तीन गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे. विषय लहान दिसतो. परंतु त्याचा धागा धरून गेल्यास तो धातुशास्त्रापर्यंत, गावगाड्यापर्यंत आणि दिल्लीच्या रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या एका समाजाच्या दैवापर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत दाराच्या लोखंडी सामानाला स्वतंत्र आणि नेमकी नावे आहेत. दार बंद करण्याची ती कडी. कडी ज्यात अडकते तो कोयंडा. दार ज्यावर फिरते ती बिजागरी. आतून आडवा सरकतो तो अडसर. जुन्या वाड्यांच्या दारांवर ओढण्यासाठी वेगळी मूठ बहुधा नसे. बाहेरच्या अंगाला एक जाड, गोल कडी लोंबत असे. तिने दार ओढता येई, तिने ते ठोठावता येई आणि वेळप्रसंगी तिच्यातून साखळी ओवून दार बंदही करता येई. ‘कडी वाजवणे’ आणि ‘कडीकुलूप लावणे’ हे वाक्प्रचार याच वस्तूने भाषेला दिले. पुढे कुलूप दाराच्या फळीत शिरले, ठोठावण्याचे काम विजेच्या घंटेकडे गेले आणि कडीकडे केवळ ओढण्याचे काम उरले. आज दुकानात जिला ‘हँडल’ म्हणून मागतात ती मूठ ही त्या बहुगुणी कडीची एकट्या कामापुरती उरलेली वारस होय.

या कडीला जगात इतरत्रही मोठा मान मिळालेला आहे. इराणातील यझ्दसारख्या जुन्या शहरांत एकाच दारावर दोन ठोके असत: पुरुषांसाठी जड दांडा आणि स्त्रियांसाठी हलकी कडी. आवाजावरून आतल्या माणसांना कळे की बाहेर कोण उभे आहे. इंग्लंडमधील डरहॅमच्या प्रार्थनामंदिराच्या दारावर सिंहमुखाच्या जबड्यात धरलेली बाराव्या शतकातील एक कांस्य कडी होती. मूळ कडी आता संग्रहालयात असून दारावर तिची प्रतिकृती आहे. मध्ययुगात पाठलागातून पळालेला अपराधी त्या कडीपर्यंत पोहोचला, तर त्याला सदतीस दिवस आश्रय मिळे. तेवढ्या मुदतीत त्याने खटल्याला सामोरे जावे किंवा देश सोडावा. ही प्रथा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कायद्याने संपुष्टात आली. लोखंडाची असो वा कांस्याची, दाराची कडी म्हणजे आत येण्याचा हक्क, ही समजूत किती खोल रुजलेली होती याचा हा दाखला आहे. तो ध्यानात ठेवावा. कारण शेवटी पुन्हा त्याच्याकडे यावयाचे आहे.

आता स्थळाकडे वळू. दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे जाटांचे शेतकरी गाव. टोकस हे येथील मुख्य गोत्र. स्वातंत्र्यानंतर राजधानीचा विस्तार झाला, तेव्हा या गावाच्या शेतजमिनी टप्प्याटप्प्याने संपादित झाल्या आणि त्या परिसरात रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहती, वसंत विहार आणि १९६९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ उभे राहिले. शेत गेले, गावठाण राहिले. दिल्लीत गावठाणाच्या हद्दीला ‘लाल डोरा’ म्हणतात. या हद्दीत इमारतींचे नेहमीचे नियम दीर्घकाळ शिथिल होते, आणि म्हणून पूर्वीच्या घरांच्या जागी अरुंद गल्ल्यांतून चार-पाच मजली इमारती दाटीने उभ्या राहिल्या. त्यांतल्या खोल्यांत विद्यार्थी, परिचारिका, नोकरीच्या शोधात आलेले तरुण भाड्याने राहतात. खोली तेथे दार आणि दार तेथे मूठ, या न्यायाने मुनिरक्याच्या एका गल्लीत जितक्या मुठी आहेत, तितक्या एखाद्या जुन्या खेड्यात मिळून नसतील. त्या बहुतेक सर्व कारखान्यातून आलेल्या आहेत: ॲल्युमिनियमच्या ओतीव, पत्र्याच्या दाबून काढलेल्या किंवा पोलादी नळीच्या.

याच मुनिरक्यापासून काही किलोमीटरांवर, कुतुबमिनारच्या आवारात, हाताने घडवलेल्या लोखंडाचा जगातील एक श्रेष्ठ नमुना उभा आहे. मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे ७.२ मीटर उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा आहे. त्यावरील लेखातील ‘चंद्र’ राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असे बहुसंख्य विद्वान मानतात. म्हणजे स्तंभाचा काळ चौथ्या शतकाची अखेर किंवा पाचव्याचा आरंभ येतो. एवढे लोखंड वितळवून ओतण्याची सोय त्या काळी नव्हती. भट्टीतून निघालेले लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठेवून, घणाच्या घावांनी ते सांधले गेले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील धातुशास्त्रज्ञ रा. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा दीर्घ अभ्यास केला. कोळशाच्या भट्टीत चुनखडी न घालता गाळलेल्या या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरेच अधिक राहिले, आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार होत गेला, असे त्यांनी दाखवून दिले. स्तंभ गंजत नाही याला लोक चमत्कार म्हणतात. वस्तुतः तो धातूचे गुण, दिल्लीची कोरडी हवा आणि घडवणाऱ्याचे कौशल्य यांचा संयुक्त परिणाम आहे. स्तंभ घडवणाऱ्यांची नावे लेखात नाहीत. राजाचे नाव आहे.

दाराची मूठ घडवणे हे त्याच विद्येचे सर्वांत लहान रूप होय. एका मुठीत लोहारकामाच्या जवळजवळ सर्व मूळ क्रिया येतात: लांबवणे, पसरवणे, पिळणे, भोक पाडणे, वाकवणे. म्हणूनच अनेक ठिकाणी शिकाऊ लोहाराला आरंभी असेच काम देतात.

पहिला प्रश्न मालाचा. पूर्वीचे घडीव लोखंड तंतुमय असे आणि हातोड्याखाली सहज वळे. त्याचे व्यापारी उत्पादन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर जवळजवळ थांबले. आज त्याच्या जागी सौम्य पोलादाची सळई वापरतात. हातभर लांबीची, बारा मिलिमीटर जाडीची चौकोनी सळई एका मुठीला पुरते. रस्त्याच्या कडेचा लोहार पुष्कळदा भंगारातील लोखंड वापरतो, आणि तेथे त्याची पारख कसाला लागते. मोटारीच्या कमानीची पट्टी कुऱ्हाडीला किंवा छिन्नीला उत्तम. कारण तिच्यात कार्बन अधिक असतो आणि तिला पाणी देता येते. मुठीला तो गुण निरुपयोगी, उलट त्रासाचा ठरतो. सहाणेच्या फिरत्या चाकावर तुकडा टेकवला की ठिणग्यांवरून ओळख पटते: सौम्य पोलादाच्या ठिणग्या लांब व साध्या निघतात, अधिक कार्बनाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात.

दुसरा प्रश्न अग्नीचा. भट्टीतला विस्तव रुंद असण्यापेक्षा खोल असावा लागतो. भात्यातून आलेली हवा निखाऱ्यांतून वर चढताना जळून गेली पाहिजे. ती तशीच लोखंडापर्यंत पोहोचली, तर लोखंडावर पापुद्रे धरतात आणि सळई झिजते. ताप किती झाला हे लोहार रंगावरून जाणतो. मंद लाल म्हणजे सुमारे ७०० अंश सेल्सिअस. नारिंगी म्हणजे साडेनऊशेच्या आसपास. पिवळा म्हणजे अकराशे ते बाराशे. त्यापुढे लोखंड पांढरे होऊन ठिणग्या टाकू लागले, की ते जळू लागले असे समजावे. जळलेला भाग पुन्हा सुधारत नाही. तो कापूनच टाकावा लागतो. रंग अचूक दिसावा म्हणून लोहाराची जागा अंधारी ठेवतात. उन्हात लाल रंग दिसतच नाही, आणि न दिसणारे तापलेले लोखंड हे या धंद्यातील सर्वांत मोठे भय आहे.

प्रत्यक्ष घडण अशी होते. सळईचे टोक पिवळे तापवून ऐरणीच्या काठावर धरतात आणि हातोड्याने तेथे खांदा पाडतात. खांद्यापुढचा भाग पसरवून पिंपळपानासारखा चपटा करतात. मूठ दाराला याच पानांनी टेकते. मधला भाग निमुळता करावयाचा असल्यास तो प्रथम चौकोनी लांबवावा, मग कोपरे मोडून अष्टकोनी करावा आणि शेवटी गोल करावा, असा नियम आहे. आरंभापासूनच गोल ठोकत गेल्यास आतला धातू फाटतो आणि सळई पोकळ होते. बारा मिलिमीटरची सळई भट्टीतून काढली की अर्ध्या मिनिटात निवू लागते. तेवढ्यात कोणते घाव घालावयाचे, हे ती भट्टीत असतानाच ठरलेले असावे लागते. निवालेल्या लोखंडावर मारलेला घाव वाया जातो, शिवाय चिरही पाडतो.

मराठीत ‘घिसाडघाई’ हा शब्द अविचारी लगबगीसाठी वापरतात. घिसाडी म्हणजे महाराष्ट्रात गावोगाव फिरून लोहारकाम करणारा भटका समाज. बैलगाडीतून किंवा गाढवावर बिऱ्हाड लादून तो येई, गावाबाहेर भट्टी मांडी आणि कामे उरकून पुढे जाई. लोखंड तापलेले असेपर्यंतच काम होते, ही गोष्ट ज्यांना ठाऊक नव्हती त्यांना त्याची घाई तेवढी दिसली. वस्तुतः भट्टीपाशी जितका विचार होतो, तितकी ऐरणीपाशी घाई शोभते. या शब्दाने एका कुशल समाजावर अन्यायच केला आहे.

मुठीच्या मधोमध पीळ द्यावयाचा असल्यास तेवढा भाग सर्वत्र सारखा तापलेला पाहिजे. एक टोक शेगड्यात आवळून दुसरे फिरवले, की चौकोनी सळईच्या कडा दोरीसारख्या फिरतात. जेथे ताप अधिक, तेथे पीळ अधिक बसतो. म्हणून जास्त वळू पाहणाऱ्या जागेवर पाण्याचे चार थेंब टाकून तिला आवरतात. पीळ हा केवळ शोभेसाठी नसतो. ओल्या किंवा घामेजलेल्या हातातून गुळगुळीत दांडा निसटतो, पिळाच्या कडा बोटांना धरून ठेवतात.

खिळ्यांची भोके छिद्रणयंत्राने पाडण्यापेक्षा तापल्या पानात सुंब्याने पाडणे चांगले. एका बाजूने सुंबा ठोकत तळाशी ऐरण लागेपर्यंत नेतात. मग पान उलटतात. ऐरणीला टेकलेली जागा थंड पडून काळी दिसते. त्या काळ्या टिकलीवर दुसरा घाव घातला, की तेवढीच टिकली निखळून पडते. यात धातू फारसा कमी होत नाही, तो बाजूला सरतो. भोकाभोवती किंचित फुगवटा येतो आणि पानाची ताकद टिकते. शेवटी दांडा ऐरणीच्या शिंगावर वाकवून, जमिनीवर खडूने काढलेल्या आकृतीशी ताडून पाहतात. जोडीची दुसरी मूठ पहिलीशी नव्हे, तर त्या आकृतीशी ताडावी. नाही तर पहिलीतली चूक दुसरीत वाढते.

यानंतरचे काम कानशीचे. बाहेरून दिसणाऱ्या बाजूपेक्षा आतली, म्हणजे बोटे जेथे जातात ती बाजू अधिक काळजीने घासावी लागते. एकही बारीक काटा राहिला, तर तो दिवसातून वीस वेळा टोचतो. अखेरीस मूठ पुन्हा थोडी तापवून, काळी असतानाच, तारेच्या कुंचल्याने साफ करतात आणि जवसाचे तेल किंवा मेण फडक्याने चोळतात. उष्णतेने तेलाचा पातळ थर सुकून लोखंडाला बिलगतो. घरातील मुठीला एवढे पुरते. पावसाच्या माऱ्यात असणाऱ्या दारासाठी रंग किंवा जस्ताचा लेप अधिक भरवशाचा. हाताळण्यातली मूठ स्वतःच जपली जाते, अनेक वर्षांच्या स्पर्शाने ती काळी-तुकतुकीत होते.

घडवलेली मूठ कितीही चांगली असली, तरी वाईट बसवणीने ती व्यर्थ जाते. येथे लोहाराचे काम संपून सुताराचे सुरू होते, आणि दोघांत बोलणे झालेले नसेल तर दोष नेमका त्या सांध्यात राहतो. बसवण्यापूर्वी दार तपासावे. दार चौकटीला घासत असेल किंवा उंबऱ्यावर लागत असेल, तर प्रथम बिजागऱ्या सारख्या कराव्यात. अडकणारे दार रोज हिसका देऊन ओढले, की महिन्याभरात कोणतीही मूठ ढिली होते, आणि बोल मात्र मुठीला लागतो.

जमिनीपासून मुठीचा मध्य साधारण ९० ते १०५ सेंटिमीटरांवर ठेवतात. घरात लहान मूल, वृद्ध किंवा चाकाच्या खुर्चीचा वापर करणारे माणूस असेल, तर मूठ लांब घडवून तिचे खालचे टोक आणखी खाली आणावे. दांडा आणि फळी यांत सुमारे चार सेंटिमीटर मोकळे हवेत, म्हणजे थंडीत हातमोजा घातलेली बोटेही आत जातील. मूठ चौकटीच्या फार जवळ बसवली, तर दार लावताना बोटांची हाडे खरचटतात. ही मापे कागदाच्या साच्यावर आखून, तो साचा दाराला चिकटवून, प्रत्यक्ष दार उघडून पाहावे आणि मगच गिरमिट हाती घ्यावे. भोक एका बाजूने आरपार पाडल्यास पलीकडची फळी चिरफाळते. म्हणून निम्मे या बाजूने आणि निम्मे त्या बाजूने पाडावे.

लाकूड जिवंत नसले तरी ते हालते. दिल्लीच्या मे महिन्यातील कोरड्या उन्हात ते आकसते आणि श्रावणात फुगते. ही हालचाल रेषांच्या आडव्या दिशेने होते, लांबीच्या दिशेने जवळजवळ होत नाही. उभ्या फळ्यांवर उभी मूठ बसवली, तर ती निर्धास्त राहते. तीच आडवी बसवावयाची असल्यास एका टोकाचे भोक किंचित लांबट ठेवावे. अन्यथा फळी तरी चिरते किंवा पेच तरी उपटतो. जड दाराला लाकडात रुतवलेले स्क्रू पुरत नाहीत. आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्यावी. जुने लोक हेच काम कोयंड्याने करीत: त्याचे दोन पाय फळीतून आरपार ठोकत आणि आतल्या बाजूला फाकवून, वळवून, पुन्हा लाकडात रुतवून टाकत. तो ओढून काढणे अशक्य असे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर अणकुचीदार लोखंडी खिळ्यांचा जो पट्टा आहे, तोही घडणीची आणि बसवणीची हीच विद्या मोठ्या प्रमाणावर दाखवतो. हत्तीच्या धडकेला तोंड देण्यासाठी ते खिळे होते. लाकडात कषायद्रव्य अधिक असेल आणि ओल टिकत असेल, तर लोखंडाभोवती काळा डाग पसरतो. बोल्ट मेणात बुडवून घातल्यास तो बराच टळतो.

येथवर वस्तूचा विचार झाला. आता ती घडवणाऱ्या हातांचा.

दिल्लीच्या अनेक रस्त्यांच्या कडेला पितळी पत्रे आणि नक्षी ठोकलेल्या जुन्या बैलगाड्या उभ्या दिसतात. बैल केव्हाच गेले. चाके जमिनीत रुतली. गाडीशेजारी झोपडी आणि झोपडीसमोर भट्टी. पुरुष सांडशीत लोखंड धरून लहान हातोड्याने जागा दाखवतो आणि समोर उभी असलेली स्त्री दोन्ही हातांनी घण उचलून नेमका तेथे घाव घालते. हे गाडिया किंवा गाडुलिया लोहार. तवे, चिमटे, खुरपी, कुऱ्हाडी, छिन्न्या हा त्यांचा नेहमीचा माल. परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज मेवाडच्या महाराण्यांची शस्त्रे घडवीत. फेब्रुवारी १५६८ मध्ये अकबराच्या सैन्याने चितोड जिंकले, तेव्हा त्यांनी प्रतिज्ञा केली: चितोड मुक्त होईपर्यंत किल्ल्यावर परतावयाचे नाही, पक्क्या घरात राहावयाचे नाही, रात्री दिवा लावावयाचा नाही, पाणी काढण्याचा दोर जवळ ठेवावयाचा नाही, खाटेवर निजावयाचे नाही. त्यांच्या गाड्यांवर खाट उलटी बांधलेली असे, ती या प्रतिज्ञेची खूण म्हणून.

एप्रिल १९५५ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत हा समाज समारंभपूर्वक चितोडगडावर गेला आणि प्रतिज्ञा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर त्यांना वसवण्याच्या योजना निघाल्या. समाजशास्त्रज्ञ सत्यपाल रुहेला यांचा या समाजावरील ग्रंथ १९६८ साली, तर भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाने प्रसिद्ध केलेला पी. के. मिश्र यांचा १९७७ साली आला. वसवलेल्या अनेक कुटुंबांनी पुन्हा गाड्यांची वाट धरली. त्यामागे हट्टापेक्षा हिशेब अधिक होता. एका खेड्याच्या नांगरांना, विळ्यांना जेवढी दुरुस्ती लागते, तेवढ्यावर एखादे घर चालते. एकाच वस्तीत पन्नास लोहार बसवले, तर गिऱ्हाईक कोठून येणार? बारा बलुत्यांतल्या मराठी लोहाराला गाव बांधलेला होता, सुगीला धान्य ठरलेले होते. फिरत्या लोहाराला गावे अनेक होती, परंतु त्यांतले एकही त्याचे नव्हते.

पुढे ट्रॅक्टर आले, कारखान्यातील अवजारे आली, आणि फिरण्यालाही अर्थ उरला नाही. गाड्या शहरांकडे वळल्या आणि तेथेच थांबल्या. रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल आला, एखादा सोहळा ठरला, की अशा वस्त्या हलवल्या जातात. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली दिलेल्या अहवालात भटक्या आणि विमुक्त जमातींच्या या स्थितीची नोंद आहे: जमीन नाही, कायमचा पत्ता नाही, आणि म्हणून दाखले नाहीत. भिकूजी इदाते यांच्या अध्यक्षतेखालील पुढच्या आयोगानेही तेच दुखणे मांडले. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत लोहार आहे, अवजारे घडवणारा आहे, कुलपे करणाराही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज अशी तिची तरतूद आहे. योजना उपयुक्त आहे. परंतु तिचा दरवाजा कागदपत्रांचा आहे, आणि ज्याची झोपडी दर दोन-चार वर्षांनी उचलली जाते, त्याच्या हाती त्या दरवाजाची मूठ सहजासहजी येत नाही.

या कौशल्याला बाजार नाही, असे म्हणणे बरोबर नाही. गडचिरोलीच्या पूर्वेला असलेल्या बस्तरातील लोहार एकेकाळी शेतीची अवजारे आणि देवांचे दिवे घडवीत. आज कोंडागावच्या परिसरातील त्यांच्या वस्तू शहरांतील घरांत पोहोचल्या आहेत, आणि बस्तरच्या लोहशिल्पाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मुनिरक्यापासून जवळच, १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटसारख्या बाजारात देशभरचे कारागीर स्वतःचा माल स्वतः विकू शकतात. अमेरिकेत घोड्यांच्या नालांबरोबर लोहारकाम बुडाले असे वाटत असताना, १९७३ साली कलावंत-लोहारांची संघटना स्थापन झाली आणि दारे, कठडे, मुठी यांच्या घडणीला पुन्हा प्रतिष्ठा आली. तेथे गिऱ्हाईक मूठ विकत घेते, तेव्हा ते लोखंडाच्या वजनाचे दाम देत नाही, घडवणाऱ्याच्या वेळेचे देते. आपल्याकडे रस्त्यावरच्या लोहाराशी अजूनही किलोच्या भावाने घासाघीस होते. एका जोडीला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस भावात धरला गेला नाही, तर त्याचा मुलगा घण खाली ठेवून दुसरे काम शोधणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

हाताने घडवलेली मूठ प्रत्येक दाराला परवडेल, असा दावा कोणी करणार नाही. मुनिरक्यातील भाड्याच्या खोलीला अलीगढच्या कारखान्यातली मूठच योग्य होय. स्वस्त आणि पुरेशी टिकाऊ वस्तू सर्वांना मिळणे हीही लहान गोष्ट नाही. परंतु शाळा, ग्रंथालये, पंचायत-घरे, न्यायालये अशी सार्वजनिक दारे दरवर्षी हजारोंनी बसतात. त्यांपैकी काही दारांच्या मुठी जवळच्या लोहाराकडून घडवून घेणे अंदाजपत्रकाला जड जाणार नाही. त्यासाठी निविदेत एक ओळ आणि सुतार-लोहारांची एक बैठक पुरेशी आहे. त्याबरोबर ज्या रस्त्यावर ते आज काम करतात, तेथेच किंवा जवळ त्यांना भट्टीसह राहता येईल अशी जागा मिळाली पाहिजे. घर एका टोकाला आणि गिऱ्हाईक दुसऱ्या टोकाला, अशी वसाहत १९५५ नंतरचीच चूक पुन्हा करील.

डरहॅमच्या कडीला हात लावणाऱ्याला सदतीस दिवस आश्रय मिळे. दिल्लीच्या रस्त्यावरील लोहाराने कडी धरली नाही, ती घडवली. चितोडची प्रतिज्ञा संपून सत्तर वर्षे उलटली. घरात न राहण्याचे बंधन आता त्याच्यावर नाही. तरीही रात्री ऐरण झाकून तो ज्या झोपडीत शिरतो, तिला ताडपत्रीचा पडदा असतो. त्या पडद्याच्या जागी एक दार यावे, आणि त्या दारावरची मूठ त्याने स्वतः घडवलेली असावी, एवढीच अपेक्षा या विषयाच्या शेवटी व्यक्त करणे उचित होईल.